गावागावाला सबडोमेन? थांबा भो जरा

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला जळगाव, भुसावळ, शिरपूर असा तीन ग्रुपांवर आला आणि काल एका गिऱ्हाइकाने त्याचाच स्क्रीनशॉट पाठवून "हे करून टाक भाऊ" म्हटलं. मेसेज असा: गावाच्या नावाने सबडोमेन काढा (म्हणजे साइटच्या मूळ पत्त्याआधी गावाचं नाव, रावेर डॉट दुकान डॉट कॉम असं), गूगल प्रत्येकाला वेगळी वेबसाइट मानतं, मेन साइटचं वजन सगळ्यांना आपोआप मिळतं, पत्त्यात गावाचं नाव असलं की त्या गावात पहिला नंबर, स्लॅश जितके कमी तितकी रँक वर, आणि पहिल्या पानावरच्या दहाही जागा तुमच्या.

आता वेगळी साइट मानली तर मेनचं वजन आपोआप कसं मिळेल? म्हणजे चूल वेगळी मांडायची आणि जेवायला आईकडेच जायचं.

दहा जागांचं दुकान तर कधीच बंद झालंय. जून २०१९ मध्ये गूगलने सांगून टाकलं की एका शोधात वरच्या निकालांमध्ये एका साइटचे साधारण दोनच घेणार, आणि सबडोमेन बहुतेक वेळा मूळ डोमेनमध्येच मोजणार. तुमच्या दुकानाचं नावच टाकून कोणी शोधलं तर जास्त दिसतील, पण तो माणूस तसाही तुमच्याकडेच येत होता.

गावाच्या नावाचं मात्र नीट सांगतो, कारण हे निस्तरायला मीच बसलेलो. केळीची टिश्यू कल्चर रोपं विकणारा एक जण, त्याला कुणीतरी रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर करत अकरा सबडोमेन काढून दिलेली, मजकूर सगळीकडे तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं, तेही फाइंड-रिप्लेसने, आणि चोपड्याच्या पानावर एका ठिकाणी "रावेरच्या शेतकऱ्यांसाठी खास" तसंच राहून गेलेलं. सर्च कन्सोलला, म्हणजे गूगलला साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनाला, सगळी सबडोमेन जोडून बघितलं तर बहुतेक पानं डुप्लिकेट म्हणून बाजूला, गूगलने त्यातलं एकच मुख्य धरलेलं. वेगवेगळ्या गावांसाठी पानं काढून सगळ्यांना एकाच जागी वळवणं याला गूगलच्या स्पॅम नियमांमध्ये डोअरवे म्हणतात, म्हणजे मेसेजवाला जे शिकवतोय तेच तिथे करू नका म्हणून लिहिलंय.

त्यात आणखी एक गंमत. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही गूगलने साइटवर कुठे फिरायचं आणि कुठे नाही ते सांगणारी फाइल प्रत्येक सबडोमेनची वेगळी असते, मेनची तिथे चालत नाही. यावलवाल्या सबडोमेनवर टेस्टिंगच्या वेळची फाइल तशीच पडलेली, "डिसअलाउ" आणि पुढे नुसता एक स्लॅश, म्हणजे गूगलला गेटवरूनच परत पाठवलेलं. दोन महिने कुणाला पत्ताच नाही, कारण कन्सोलमध्ये तोवर फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता जोडलेला. कन्सोलमध्ये पूर्ण डोमेन एकदम जोडायची सोय, डोमेन प्रॉपर्टी, २०१९ पासून आहे, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) एक रेकॉर्ड टाकला की सगळी सबडोमेन एकत्र दिसतात, तेवढं तरी करायचं ना.

स्लॅशचं काही मनावर घेऊ नका. होमपेजवरून किती क्लिकात पान सापडतं ते महत्त्वाचं, आणि सबडोमेनमध्ये नेमकी तिथेच बोंब होते, कारण त्याचा मेनू वेगळा बनतो आणि मेन साइटवरून तिकडे लिंक द्यायची राहूनच जाते.

याच्या उलटा पण एक मेसेज फिरतो, सगळं फोल्डरमध्ये (दुकान डॉट कॉम स्लॅश रावेर असं) हलवा, रँक डबल. तेही खोटं. गूगलच्या जॉन म्यूलरने २०१७ मध्येच सांगितलंय की दोन्ही चालतं, सांभाळायला जे सोपं पडेल ते घ्या. ऑनलाइन बुकिंगचं सॉफ्टवेअर वेगळ्या सर्व्हरवर असेल तर खुशाल सबडोमेन ठेवा. मी फोल्डर घेतो कारण साइट एक, मेनू एक, फाइल एक.

त्या रोपवाल्याची अकरा पानं आम्ही तीनवर आणली, जिथे त्याची खरंच नर्सरी किंवा डिलिव्हरीचा माणूस आहे तेवढीच. तिथलं बुकिंग कधी, गाडी कोणत्या वारी, कमीत कमी किती रोपं, हे त्यालाच फोनवर विचारून लिहिलं. तीन गावांचे जुने पत्ते ३०१ ने (पत्ता कायमचा बदलला असं सांगणारा कोड) आपापल्या नव्या पानावर वळवले, आणि उरलेल्या आठांपैकी जवळ पडतात ती त्या त्या नर्सरीच्या पानावर टाकली, बाकीची सरळ बंद केली. सगळीच होमपेजवर ढकलायची नसतात. डीएनएसमधल्या जुन्या नोंदी काढू नको म्हणून त्याला तीनदा बजावलंय, त्या काढल्या तर वळवलेलं सगळं मेलं.