सरकीच्या तेलाने आतड्याला भोकं पडत नाहीत

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: बीटी कपाशीतलं विष बोंडअळीच्या आतड्याला भोकं पाडतं, तेच सरकीच्या तेलातून आणि पेंडीवरच्या दुधातून आपल्या पोटात जाऊन आपलंही आतडं पोखरतं. पहिला भाग खरा आहे, म्हणून पुढचाही लोकांना पटतो.

‘जे अळीला मारतं ते माणसालाही मारणारच.’ नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जीवाणूचं क्राय प्रथिन, ज्याचं जनुक बीटी कपाशीत घातलेलं असतं, ते अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिनसारख्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं. मग त्याचे रेणू एकत्र जमून पेशीच्या पटलात घुसतात, छिद्र पडतं, पाणी शिरून पेशी फुटते. मेलेल्या अळीवर जीवाणू पोसला जातो. जीवाणूत हे प्रथिन स्फटिकरूपात असतं आणि आपलं जठर आम्लधर्मी असल्याने तो स्फटिक विरघळत नाही, असं उत्तर अनेकजण देतात. ते अपुरं आहे, कारण कपाशीत हे प्रथिन स्फटिकरूपात नसतंच. चिकटायला जागा मात्र लागतेच, आणि ती आपल्या आतड्यात नाही. जागेचं महत्त्व शेंदरी बोंडअळीनेच दाखवलं: तिच्या कॅडहेरिनच्या जनुकात बदल झाले आणि क्राय1एसी हे क्राय प्रथिन तिच्यावर चालेना. 2017 साली विदर्भात दोन क्राय जनुकांची कपाशीही तिने फस्त केली.

‘तेलातून पोटात जातं.’ रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. पेंडीतलं प्रथिन जनावराच्या पोटात पचतं.

‘भोकं पाडणारं प्रथिन शरीरात नकोच.’ आपल्या मारक टी पेशी परफोरिन नावाच्या अशाच प्रथिनाने विषाणूग्रस्त पेशींना छिद्रं पाडून त्यांना मारतात. धिंगरी अळिंबीतलं प्लुरोटोलायसिन त्याच्याच नात्यातलं. त्याचा एक घटक कीटकांच्या पटलातल्या एका मेदाला घट्ट धरतो, म्हणजे अळिंबीला तो किडींपासून राखत असावा. शिजवली की ही प्रथिनं निकामी होतात.

आपल्या आतड्याला खरोखर इजा करणारी छिद्रकारी विषंही आहेत. बीटीचाच जवळचा नातलग बॅसिलस सेरियस, शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या अन्नात वाढतो आणि त्याच्या अशा विषांनी जुलाब होतात. कपाशीत ती जनुकं घातलेली नाहीत, बीटीची फक्त क्राय जनुकं घातली आहेत.

बीटीवर आक्षेप जरूर घ्या: रेफ्युजीचं, म्हणजे बीटी नसलेल्या कपाशीचं, बियाणं बांधावर न लावल्याने अळी लवकर प्रतिकारक्षम झाली, हा त्यातला मोठा. आणि 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कीटकनाशकं फवारताना.