घूं आवाज घालवायला अर्थिंगची पिन कापू नका

मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला. आमच्या शेजारच्या काकांनी तो वाचून थेट पक्कड काढली, म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: टीव्हीला रेकॉर्डर (व्हीसीआर किंवा कार्यक्रम साठवणारा बॉक्स) जोडल्यावर घूं असा आवाज येत असेल तर प्लगची वरची जाड पिन काढून टाका, ती नुसती आधाराला असते. तरीही आवाज राहिला तर साधी वायर फेकून सोन्याचा मुलामा दिलेली घ्या. त्यानेही भागलं नाही तर रेकॉर्डर बाद झाला समजा.

पिन आधाराला असते हे साफ खोटं आहे. ती अर्थिंगची पिन. बाकीच्या दोन पिनांपेक्षा ती जाड आणि लांब ठेवलेली असते, कारण प्लग खोचताना तिचा स्पर्श सगळ्यांत आधी व्हावा आणि उपसताना तो सगळ्यांत शेवटी सुटावा. बऱ्याच सॉकेटांत खालच्या दोन भोकांवरची झडपही तीच उघडते. त्यामुळे पिन कापलेला प्लग आत जात नाही, मग लोक वरच्या भोकात पेन नाहीतर स्क्रूड्रायव्हर खुपसून तो बसवतात.

रेकॉर्डरच्या आत फेज सुटून पत्र्याला टेकली तर करंट अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो. आणि एकटा रेकॉर्डरच नाही. त्याचा पत्रा ऑडिओ वायरच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या तांब्याच्या विणीतून) टीव्हीला आणि केबलच्या जाळीतून गच्चीवरच्या पेटीपर्यंत जोडलेला असतो. तिथे कनेक्शन सोडवायला गेलेल्या केबलवाल्या मुलाला झटका बसू शकतो, आणि त्याला बिचाऱ्याला खाली कुणी काय कापलंय याची कल्पनाही नसते. ‘आमच्याकडे आरसीसीबी आहे’ असं काकांनी मला सांगितलं, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. छान आहे, असायलाच हवा. पण अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. अर्थिंग तोडलं तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगातून गळती सुरू झाल्यावर पडतो.

आता मेसेजच्या बाजूचं एक मान्य करतो. पिन काढल्यावर आवाज पुष्कळदा खरंच थांबतो. म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. रेकॉर्डर आणि टीव्ही-अॅम्प्लिफायरच्या या जोडणीला जमिनीकडे जायच्या दोन वाटा असतात, एक घरच्या अर्थिंगची आणि दुसरी केबलच्या जाळीची. दोन्हीकडचं अर्थिंग अगदी एका पातळीवर नसतं, थोड्याफार व्होल्टचा फरक राहतो. त्या फरकामुळे जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरत राहतो. लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरीत जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे तो करंट थेट आवाजात मिसळतो. हा घेरा तोडायलाच हवा, यात वाद नाही. पण तो सिग्नलच्या वायरीत तोडायचा असतो, जीव वाचवणाऱ्या वायरीत नाही.

शिवाय पुष्कळ रेकॉर्डरना आणि सेट टॉप बॉक्सना मुळात दोन पिनांचाच अडॅप्टर येतो. तिथे कापायला पिनच नाही, तरी आवाज येतो. अशा अडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून किंचित करंट झिरपत असतो. बॉक्सच्या पत्र्यावरून बोट फिरवलं तर मुंग्या येतात ना, तोच हा. ऑडिओ वायरीतून तो अर्थिंग असलेल्या अॅम्प्लिफायरकडे जातो आणि घूं सुरू होतं.

मग शोधायचं कसं? रेकॉर्डरमध्ये आधी साठवलेला कार्यक्रम लावा आणि तो चालू असताना मागची केबलची वायर काढा. आवाज गेला तर वाट केबलची होती. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा, कधी कधी एवढ्यानेच भागतं. अॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण कमी करूनही घूं तेवढंच राहत असेल तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे, रेकॉर्डरला हात लावू नका. मधूनच टिर्र-टिर्र येत असेल तर शेजारी ठेवलेला मोबाईल उचला.

केबलची वाट सापडली तर केबलच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घालतात, तो सिग्नल जाऊ देतो आणि जाळीचा सांधा तोडतो. मात्र डीटीएचच्या छत्रीच्या वायरीत तो घालू नका, कारण त्याच वायरीतून बॉक्स छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो आणि ते अडले की चित्रच जाईल. छत्री असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडा. लाल-पांढऱ्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल वायर वापरा. तिच्यातून नुसता प्रकाश जातो, त्यामुळे घेरा तयारच होत नाही.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल फार लिहायला नको. सोनं गंजत नाही, कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोगही होईल. पण घेरा तसाच राहतो. वायर आखूड आणि दाट जाळीची असेल तर घूं थोडं कमी होतं, ते तांब्याच्या जाळीमुळे.

रेकॉर्डर बाद, हा निकाल तर फारच घाईचा. जुन्या व्हीसीआरच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झची घरघर येते, हे खरं. पण आधी केबल आणि बाकी सगळ्या वायरी काढून तो एकटा दुसऱ्या टीव्हीला लावून बघा. तिथेही घरघर राहिली तरच दुरुस्तीला न्या. कपॅसिटर बदलता येतो, त्यासाठी लग्नाच्या कॅसेटी दाखवणारं यंत्र भंगारात घालायची गरज नाही.

काकांनी तोवर एक प्लग कापून टाकला होता. आम्ही नवा तीन पिनांचा प्लग आणला आणि हिरवी-पिवळी वायर वरच्या पिनला आवळली. मग वायरमनने त्या सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला. आरसीसीबी तत्क्षणी पडला, म्हणजे सॉकेटात अर्थिंग होतं. घूं अजून येतंय, या रविवारी केबलच्या वायरीत आयसोलेटर घालणार आहोत.