पोट छोटं केलं म्हणून मन आपोआप बरं होत नाही

तो मेसेज परत फिरतोय. "वजनाच्या ऑपरेशनआधी सायकॉलॉजिस्टकडे पाठवणं ही बिल वाढवायची आयडिया आहे, पोट कापलं की भूक संपते, वजन उतरलं की टेन्शन जातं, काउन्सेलिंग वेड्यांना लागतं." मी स्वतः स्लीव्ह, म्हणजे पोटाचा मोठा भाग काढून टाकायचं वजनाचं ऑपरेशन, करून घेतलेली बाई आहे, आणि हे वाचून काउन्सेलिंगला जाणंच सोडलेल्या बायका बघते तेव्हा जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"पोट कापलं की भूक संपते." स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, भुकेचं घ्रेलिन हार्मोन जिथे जास्त बनतं तो भागही त्यातच जातो, त्यामुळे सुरुवातीला भूक कमी होते हे बरोबर आहे. पण आपण फक्त भूक लागली म्हणून खातो का? घरात कोणी टोचून बोललं, बॉसने झापलं, रात्री झोप येईना, की हात डब्याकडे जातो, आणि ते काही ऑपरेशनने जात नाही. भाकरी-भाजी चार घासांत अडकते पण आमरस, श्रीखंड, आइस्क्रीम, चहात बुडवलेली खारी हे सगळं सुळकन उतरतं, पोट भरल्याचं कळतही नाही. दुपारभर चमचा-चमचा श्रीखंड खायचं आणि घरचे यायच्या आत वाटी धुऊन पालथी घालायची, हे आमच्यातल्या कितीतरी जणी करतात आणि डाएटिशियनला सांगत नाहीत, लाज वाटते. चांगली सायकॉलॉजिस्ट नेमकं तिथेच विचारते, की खायच्या आधी काय झालं होतं गं?

"वजन उतरलं की टेन्शन जातं." पहिल्या वर्षी खूप जणांचं डिप्रेशन कमी होतं, नाकारत नाही. पण कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये ऑपरेशन झालेल्या ८,८१५ लोकांचा अभ्यास २०१६ साली आला, त्यात स्वतःला इजा करून घेऊन इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण आधीपेक्षा साधारण ५० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, बहुतेक केसेस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. अशी माणसं शंभरात एखादं-दुसरंच होती, म्हणून घाबरून ऑपरेशन टाळू नका, पण ते एखादं माणूस आपल्या घरातलं असू शकतं ना. गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, पोट छोटं करून आतड्याला जोडायचं वजनाचं दुसरं ऑपरेशन) दारूही लवकर चढते, आणि अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं ते दुसऱ्या वर्षी ९.६ झालं. दुसरं वर्ष अवघडच असतं, कौतुक थांबलेलं, वजनाचा काटा अडलेला, दंडाची कातडी लोंबतेय, आणि लग्नात कोणीतरी म्हणतंच, "तू काय बाई, शॉर्टकट मारलास!" म्हणून ऑपरेशनआधी एकदा भेटून भागत नाही, नंतरही दोन-तीन वर्षं कोणीतरी लागतं.

"काउन्सेलिंग वेड्यांना लागतं." हे वाचून सगळ्यात जास्त राग येतो. तिथे कोणी वेडं ठरवायला बसलेलं नसतं. रात्री उठून खाता का, एकदम ताबा सुटून खाता का, दारू किती, घरी सांभाळून घेणारं कोण आहे, हे विचारतात. आणि गोळ्यांचं काय? बायपासनंतर डिप्रेशनच्या काही गोळ्या आधीसारख्या अंगी लागत नाहीत, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या, तेव्हा सायकिअॅट्रिस्टला ऑपरेशनबद्दल माहीतच नसेल तर डोस कोण बघणार? (मनाने बंद तर अजिबात करू नका.)

राहिलं बिल. काही ठिकाणी दहा मिनिटांत फॉर्मवर टिका मारून सही देतात, त्याचा राग यायलाच हवा, पण मग भांडून नीट वेळ मागा ना, भेटच कशाला रद्द करता? ऑपरेशनला लाखांत पैसे मोजतो आणि पॅकेजमध्ये पुढच्या वर्षीच्या काउन्सेलिंगच्या भेटी आहेत का, हे अॅडव्हान्स भरायच्या आधी विचारतसुद्धा नाही. तेवढं विचाराच, आणि लेखी घ्या. पैशांची खरंच अडचण असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही चालू असते.