सिद्धहस्त व्हायचंय? लिहू नका

इंदूरात मराठी साहित्यिक म्हणून मिरवायचं असेल तर लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. आधी नावापुढे 'सिद्धहस्त' लावून घ्या.

शब्द संस्कृत, समास बहुव्रीही: सिद्ध झाला आहे हात ज्याचा, तो. सिद्धान्न म्हणजे शिजलेलं अन्न. त्या हिशेबानं वर्षानुवर्षं खरडून, खोडून शिजलेला हात. एवढा वेळ कुणाला आहे? आमच्या सराफ्यातल्या खाऊबाजारातला जिलेबीवाला गप्पा मारता मारता कढईवर हात फिरवतो आणि एक वेढा चुकत नाही. अर्थानं बघाल तर खरा सिद्धहस्त तोच. पण त्याला कुणी शाल देत नाही. देऊही नये, कढईजवळ शाल धोक्याची.

तुमचा हात वेगळ्या कामांत सिद्ध हवा. सभागृहाच्या भाड्याला हातभार लावा. पोह्यांचं बिल हातोहात चुकवा. मग निवेदकाच्या हातात तुमचा परिचय ठेवा, अर्थात तुम्हीच लिहिलेला. (तुमचं तेवढंच लेखन लोक शेवटपर्यंत ऐकतील.) इंदूरला 1917, 1935 आणि 2001 साली साहित्य संमेलनं झाली. 2001 ला तुम्ही भोजनमंडपात होतात ना? मग 'संमेलनात सक्रिय सहभाग' बिनदिक्कत लिहा.

शब्द हिंदीतही जसाच्या तसा चालतो, हा आपला जादा फायदा. शेजाऱ्यांना अर्थ समजावत बसायला नको. 'वाह भिया' म्हणून ते मोकळे.

व्याकरणवाले कुरकुर करतील. हे माणसाचं विशेषण, 'सिद्धहस्त लेखणी' म्हणू नये, लेखणीला हात कुठून आले? 'सिद्धहस्त हातांनी' तर हाताला हात फुटल्यासारखं. तुम्ही एकाच भाषणात दोन्ही वापरा. जोडीला 'सव्यसाची'ही मागून ठेवा. अर्जुन डाव्या हातानंही बाण सोडायचा. तुम्ही डाव्या हातात चहा धरून उजव्या अंगठ्यानं मोबाइलवर सुप्रभातचे निरोप पुढे ढकलता, ते काय कमी आहे?

फ्लेक्सवर मात्र 'सिध्दहस्त' असंच छापून येईल, आधी ध आणि मग द. दुरुस्त करायला जाऊ नका. शुद्धलेखनाची खोड दिसली की लोकांना संशय येतो, हा माणूस खरंच लिहीत असावा.