मांडी म्हणजे सीटबेल्ट नव्हे

आज एका बारशाहून निघताना पार्किंगमध्ये जे पाहिलं, त्याने अजून डोकं तडतडतंय. नात्यातलंच दहा महिन्यांचं पोर, पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर, समोर एअरबॅग. बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची कार सीट कुठाय? डिकीत, आहेराच्या पिशव्यांखाली! का, तर "उलटं बसवलं की त्याला काही दिसत नाही गं, रडतं." आणि वर, "मी घट्ट धरलंय ना!"

काय धरणार हो? ताशी 50 च्या वेगाने गाडी आदळली की 10 किलोचं पोर काहीशे किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं. पैलवानाच्याही हातात राहायचं नाही. उलट आजी आणि डॅशबोर्डच्या मध्ये तेच चेपायचं.

उलटं, म्हणजे तोंड मागे करून का, हे तरी समजून घ्या. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेची हाडं कच्ची. तोंड पुढे असलं तर धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं तेवढं झटक्याने पुढे जातं. तोंड मागे असलं की तोच दणका सीटची पाठ झेलते. स्वीडनमध्ये चार-चार वर्षांची पोरं अशी बसतात. "पाय दुमडतात" म्हणे. दुमडू देत! घरी तरी कुठे सरळ बसतात?

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून पोराला असं पट्ट्याविना बसवलं तर आपल्याकडेही 1000 रुपये दंड आहे. कुणाकडून घेतलेला मी तरी पाहिला नाही.

सीट महाग आहे, मान्य. रिक्षात काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण इथे सीट घेतलेली होती हो! डिकीत होती!

आजींवर खरं तर राग नाही. त्यांनी आपली पोरं एसटीत मांडीवरच वाढवली, घट्ट धरणं हीच त्यांची माया. राग आहे तो बापाचा. नव्या गाडीला आठवड्याच्या आत सीट कव्हरं शिवून घेतली पठ्ठ्याने, आणि आजी पुढे बसल्या तेव्हा गाणी लावत होता.

असो. घरात सीट असेल त्यांनी ती मागच्या सीटवर बसवा. चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच नाही, एअरबॅग फुटली की थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर ढिला आहे. जाड स्वेटर आधी काढा, पट्टे लावून झाले की वरून शाल घाला. जमत नसेल तर रविवारी सकाळी गाडी घेऊन आमच्याकडे या, बसवून देते. चहाही देईन.