दुःख हलकं होत नाही

'देव जवळ आहे असं वाटलं की दुःख हलकं होतं' हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बाबा आयसीयूत होते तेव्हा मी रोज पहाटे आमच्या इंदूरच्या खजराना गणपतीला जायचे. तिथे मंदिराच्या मागच्या भिंतीवर लोक नवसाचं उलटं स्वस्तिक काढतात, मीही काढलं. बाबा गेले. नवस पूर्ण झाला की ते सुलटं काढतात, ती वेळ आलीच नाही. दुःख तसूभर कमी झालं नाही, पण ती पंधरा मिनिटं कुणाला 'मी बरी आहे' असं सांगावं लागत नव्हतं. एवढंच.

आणि लेखात अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण अर्धंच दिलंत. १७५४ला नवरा, १७६६ला सासरे, १७६७ला मुलगा गेला. पूजा आटोपून त्या दरबारात बसायच्या, लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या. हे का गाळलंत?