नारळ उभा राहतो, पण वराहमिहिराच्या पोथीत नाही

भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला. या वेळी खाली मामांचं उत्तर होतं: “बरोबर हाय. आपण बी औंदा ९०० फूट बोअर घेऊ.” म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज लांबलचक आहे, सार असं: दीड हजार वर्षांपूर्वी वराहमिहिर या ज्योतिषाचार्याने बृहत्संहिता या ग्रंथात नारळ आणि लिंबाच्या बेचकीने पाणी बघायची विद्या लिहून ठेवली. ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या माणसाच्या हातावर नारळ उभा राहतो. जमिनीखाली सात पाताळनद्या वाहतात आणि ७०० फुटांखाली गेलं की पाणी बारमाही. उंबर आणि वारूळ शेजारी दिसले की पाणी हमखास. पूर्वजांच्या बारवा म्हणून कधी आटल्या नाहीत. आणि हे सगळं नासाने मान्य केलंय. शेवटी हात जोडलेले, आणि “इंग्रजांनी लपवलेलं ज्ञान, पुढे पाठवा”.

आधी पोथी. मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडलेली नाही, हे पहिल्या ओळीतच कळतं. बृहत्संहितेत भूजलावर एक अख्खा अध्याय आहे, नाव दकार्गल. त्यात झाडं आहेत, वारुळं आहेत, मातीचे रंग आणि दगडांचे प्रकार आहेत, खोली ‘पुरुष’ या मापात आहे. आपल्याकडे विहीर अजून ‘परसात’ मोजतात, तो शब्द याच पुरुषाचा. एक पुरुष म्हणजे १२० अंगुळं, हात वर करून उभा राहिलेला माणूस, साधारण साडेसात फूट. या अध्यायात नारळही आहे. पण तो झाड म्हणून, वारुळाने वेढलेला ताड किंवा माड दिसला तर काय समजावं, एवढ्यापुरता. तळहातावर आडवा ठेवून शेतभर फिरवायचा नारळ त्यात कुठेही नाही. बेचकी नाही, लोंबती चावी नाही, तांब्याची सळईही नाही.

मग नारळ उभा राहतो कसा? राहतो, त्यात खोटं काही नाही. नारळ अंड्यासारखा, आत पाणी डुचमळतं, आणि तळहात काही सपाट पाट नव्हे. बोटं किंचित वर गेली, मनगट केसभर कललं, की तोल जातो आणि नारळ उठतो. हे पाणाड्या, म्हणजे पाण्याची जागा सांगणारा, मुद्दाम करतो असंही नाही. ‘इथं असणार’ असं मनात आलं की स्नायू आपोआप हलतात आणि हलवणाऱ्याला ते कळत नाही. आणि ‘इथं असणार’ हे त्याच्या मनात येतं, कारण तो चार तालुके फिरलेला माणूस आहे. ओढा कुठून जातो, उतार कुठे, शेजाऱ्याची बोअर कुठे चालू, हे त्याला दिसत असतं. त्याची नजर पाणी शोधते, नाव नारळाचं होतं.

तपासायचं तर अर्ध्या दिवसाचं काम. पाणाड्याने दिलेल्या जागी खुंटी मारा, मग डोळे बांधून त्यालाच त्याच शेतात पुन्हा फिरवा. पाच वेळा. पाचही वेळा नारळ त्याच खुंटीवर उठला, तर मला बोलवा. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. सुमारे ५०० पाणाडे तपासून त्यातले सर्वोत्तम ४३ निवडले आणि ८४३ वेळा चाचणी घेतली. माडीवरून चालताना खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप १० मीटरच्या रेषेत कुठे आहे, ते सांगायचं. नंतर आकड्यांची फेरतपासणी झाली. नुसतं ‘मधोमध’ असं ठोकून देणाऱ्यापेक्षा त्यांच्यातला सर्वात चांगला पाणाडी सरासरी ४ मिलिमीटरने सरस निघाला. दहा मीटरांत चार मिलिमीटर!

रक्तगटाचं फार ताणत नाही. ए-बी-ओ रक्तगट सापडले १९०१ च्या सुमारास, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह १९४० च्या आसपास. वराहमिहिर सहाव्या शतकातला.

आता खरा घातक मुद्दा, पाताळनद्या. याच ओळीने माणसं ९०० फुटांना तयार होतात.

पोथीत ‘पाताळ’ शब्द आहे, कबूल. पाताळातून वर येणाऱ्या शिरा शुभ, असं वराहमिहिर म्हणतो. शिरा म्हणजे माणसाच्या अंगात असतात तशा, कुठे वर, कुठे खाली. आठ दिशांच्या आठ, मधली नववी महाशिरा, आणि त्यांच्यातून फुटलेल्या शेकडो. सात नद्यांचा हिशोब मेसेजवाल्याने घरी केलाय.

आणि मराठवाड्याच्या पोटात काय आहे, हे आपल्याला अंदाजाने सांगायची गरजच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन खडकाचे नमुने वर काढले. ३३८ मीटरपर्यंत, म्हणजे ११०० फुटांपर्यंत, एकावर एक लाव्ह्याचे थर: बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक. त्याखाली पार तळापर्यंत ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण खडक. नदी कुठेच नाही. बोअरवाल्याला ‘पाताळ’ म्हणून विकायचं असेल, तर आधी हा खडकाचा खांब कुठे ठेवायचा ते त्याने सांगावं.

पाणी असतं कुठे, तर प्रत्येक लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग जाळीदार, भोकाभोकांचा असतो आणि खालचा घट्ट. सगळ्यात वरचा थर हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन कुजला, त्याचा झाला मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे अर्धवट कुजलेला जाळीदार खडक. आपलं मुख्य कोठार हेच, बहुतेक ठिकाणी वरच्या ३० ते ८० फुटांत. खाली घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांमधून, आणि जितकं खोल जावं तितक्या भेगा विरळ आणि आवळलेल्या. सरकारी भूजल मोजणीत मुरूम-मांजऱ्यासाठी २ टक्के धरतात आणि अखंड पाषाणासाठी ०.३५ टक्के. म्हणजे शंभर घनमीटर मुरूम पिळला तर २,००० लिटर पाणी निघेल, तेवढाच पाषाण पिळला तर ३५०. त्यात बोअर पडते साडेसहा इंचांची. २० फूट व्यासाच्या विहिरीला चहूबाजूंनी ६३ फुटांचा घेर मिळतो पाझरायला, बोअरला पावणेदोन फुटांचा. भेग हातभर बाजूला राहिली की ९०० फूट कोरडी फक्की, म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा भुगा. मग पाणाड्या म्हणणार, “बोअरची गाडी पॉइंटवरून सरकली.” आणि लागलं तर श्रेय नारळाचं!

खोल बोअरला पाणी लागतं तेव्हाही ते बऱ्याचदा खालचं नसतंच. पैसे वाचवायला गाडीवाला केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप, २० फुटांवर थांबवतो. मग मुरमातलं पाणी बोअरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि ६०० फुटांवरची मोटार ते उपसते. शेजारच्या विहिरीचा झरा तुटतो, गावाचा आड बसतो, आणि दोन उन्हाळ्यांत तुमचीही मोटार हवा ओढायला लागते. दोन थरांच्या मध्ये गेरू असतो, तांबडा, फुगणारा. तिथं केसिंग नसेल तर भिंत ढासळते आणि मोटार कायमची आत. देगलूर-बिलोलीकडे खाली ग्रॅनाइट आहे, तिकडच्या खोल पाण्यात फ्लोराइडचं दुखणं वेगळंच. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाईच आहे. तो कोणी पाळत नाही ही गोष्ट निराळी, पण मामांनी निदान ठाऊक असू द्यावं.

हिशोबही एकदा मांडून बघा. ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर २८ लाख लिटर. त्यातलं बेसॉल्टमध्ये मुरतं ७ ते १३ टक्के, म्हणजे फार तर पावणेचार लाख. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला लागतं ८० लाख ते एक कोटी लिटर. एका एकराच्या उसासाठी आजूबाजूच्या बावीस ते सत्तावीस एकरांत मुरलेलं सगळं पाणी गेलं, आणि तेही चांगल्या पावसाच्या वर्षी. नारळ कितीही ताठ उभा राहिला तरी ही बेरीज बदलत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा जिल्ह्यात बोअर कमी नव्हत्या.

उंबर आणि वारुळाच्या बाबतीत मात्र मेसेजला अर्धे गुण द्यावे लागतील, देतो. उंबर, जांभूळ, अर्जुन ही झाडं उथळ पाण्यात मुळं ठेवून जगतात. वाळवीला ओल लागते, ती खालची ओली माती वर आणते. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी या अध्यायाचा अभ्यास केला, तो या झाडांचा आणि वारुळांचा. पण पोथी किती खोलीचं बोलते ते बघा. उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल. म्हणजे एकोणीस फूट! जांभळाच्या उत्तरेला तीन हात, दोन पुरुष, पंधरा फूट. उंबर बघून तुम्ही ९०० फूट जात असाल, तर उंबराने सांगितलेलं तुम्ही ओलांडून पावणेनऊशे फूट पुढे गेलात. शिवाय उंबराचं बी पक्षी कुठेही टाकतात. जुन्या विहिरीच्या कठड्यात, सांडपाण्याच्या नालीवर, देवळाच्या न्हाणीजवळ. पाणी पाताळी गेल्यावरही जुनं झाड बरीच वर्षं तग धरू शकतं. त्याची हिरवी पानं आजच्या पाण्याची पावती नव्हेत.

आणि यापुढची गोष्ट मेसेजवाल्याला कळली असती तर त्याने मेसेज पाठवलाच नसता. वराहमिहिर स्वतः बजावतो: वाळवंटातल्या खुणांवरून जांगल, म्हणजे कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशात पाणी सांगू नका. आणि जांभूळ, वेतस (वेत) वगैरेंसाठी दिलेली पुरुषांची मापं वाळवंटात दुप्पट धरा. वाळवंटात शिरा उंटाच्या मानेसारख्या वाकड्या जातात, म्हणतो. जमीन बदलली की नियम बदला, हे दीड हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर किनवटपासून आष्टीपर्यंत एकच नारळ फिरतोय. प्रत्येक खुणेमागे तो खोदताना काय दिसेल तेही देतो: अमुक खोलीवर पिवळी माती, मग पापुद्रे सुटणारा दगड, मग पाणी. पांढरा साप आणि फिकट बेडूकही सांगतो, ते सोडून द्या. पण थर नोंदत खाली जायची शिस्त त्याची आहे.

बारवा आटल्या नाहीत, हेही अर्धंच. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव बघा, चारठाण्याच्या बघा. वर्षभर पाणी काठोकाठ राहणार असतं, तर तळापर्यंत पायऱ्या कशाला बांधल्या असत्या? पाणी खाली जाणार हे धरूनच ती रचना आहे. ती टिकली कारण उपसा मोटेचा होता. दोन बैलांची मोट दिवसभर जेवढं उपसायची, तेवढं पाच एचपीची मोटार तास-दोन तासांत उपसते. ज्यांच्या आजूबाजूला मुरूम शिल्लक आहे आणि बोअर नाहीत, त्यातल्या काही गाळ काढल्यावर पुन्हा भरल्याही. बीडची खजाना बावडी तर सोळाव्या शतकातली, तिचं पाणी भुयारी नळातून उताराने शेतांकडे जायचं. जमिनीचा उतार मोजून केलेलं काम आहे ते.

नासा: त्यांचे उपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून भूजल मोजतात, शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर. गट नंबर १४२ चा बांध त्यांना दिसत नाही.

तर मामा, गाडी सांगायच्या आधी एवढं करा. शिवारातल्या पाच-सहा विहिरींच्या कडेला उभं राहून थर बघा: माती किती, मुरूम किती, मांजऱ्या कुठे, काळा पाषाण कुठून. पाण्याची पातळी दिवाळीत आणि मे महिन्यात दोरी सोडून मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. रेझिस्टिव्हिटीची, म्हणजे जमीन विजेला किती विरोध करते ते मोजायची चाचणी घ्यायची तर चार सळया जमिनीत ठोकून घेतात ती. सुकलेल्या जमिनीत सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायला लावा, नाहीतर आकडा खोटा येतो. काळ्या चिकणमातीचा आणि गेरूचा आकडाही ओल्या मुरमासारखाच कमी येतो, म्हणून विहिरीचे थर माहीत असल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

बोअर घेतलीच, तर दर दहा फुटांची फक्की वेगळ्या पिशवीत भरा आणि वर खोली लिहा. केसिंग मुरूम संपून पक्क्या पाषाणात पाच-सात फूट जाईपर्यंत घाला. पाणी लागलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. सलग चार तास मोटार चालवून २०० लिटरचा ड्रम किती वेळात भरतो ते बघा. चार मिनिटांत भरला तर तासाला ३,००० लिटर. हीच मोजणी मे महिन्यात पुन्हा करा. आणि २०० फुटांपर्यंत फक्की कोरडीच आली, तर गाडी परत पाठवा. वाचलेल्या ७०० फुटांच्या पैशात विहिरीतला गाळ निघतो आणि शिवाय विहिरीच्या भिंतीतून आडवी बोअरही होते.